अप्पांचा उजवा पाय

गाडीचा ब्रेक दाबला की आधी स्टिअरिंग थरथरायचं, मग अप्पांचे हात, मग शेजारी बसलेली आई, आणि सगळ्यात शेवटी मागच्या सीटवर, माझ्या बाजूला बांधलेल्या खुर्चीत झोपलेलं आमचं गठुडं. गठुडं म्हणजे माझी आठ महिन्यांची मुलगी. तिला रीतसर नाव आहे. पण पहिल्यांदा दुपट्यात गुंडाळून हातात दिली तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अरे, हे तर गठुडं आहे," आणि तेव्हापासून घरात तिला दुसरं नाव उरलं नाही.

हे गठुडं चालत्या गाडीत दोन मिनिटांत झोपतं आणि सिग्नलला गाडी थांबू लागली की उठतं. आणि उठलं की रस्ता डोक्यावर घेतं.

"अहो, जरा हळू दाबा की," आई म्हणायची.

"हळूच दाबतोय."

"मग ती उठली कशी?"

"तिला विचार."

आईचा स्वतःचा उजवा पाय गेली तीस वर्षं गाडीत बसल्या बसल्या समोरच्या पत्र्यावर ब्रेक दाबत आलेला आहे. तिच्या बाजूची चटई टाचेखाली भोक पडेपर्यंत झिजली आहे. त्यामुळे ब्रेकच्या विषयात तिला अधिकार आहे असं ती धरून चालते.

तर, रोग सांगते. चाकाच्या आत ताटाएवढी लोखंडाची चकती असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. ही डिस्क सगळीकडे सारख्याच जाडीची असावी लागते. आमची तशी राहत नव्हती. एकीकडे झिजायची, एकीकडे तशीच. फिरताना जाड भाग चिमटीत आला की पॅडल पायाला ढकलायचं, पातळ भाग आला की सोडायचं. त्याचीच ही थरथर. दीड वर्षात पुढच्या दोन्ही डिस्क तीनदा नव्या बसवून झाल्या होत्या. प्रत्येक वेळी तीन-चार महिने गाडी लोण्यासारखी थांबायची. मग एके दिवशी पायाखाली काहीतरी हलकंसं वळवळायचं, आणि पंधरा दिवसांत पुन्हा आमचं गठुडं सिग्नल सिग्नलला जागं. आता ही तिसरी जोडी वळवळू लागली होती.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी तिसऱ्या वेळी हात टेकले. अप्पांची आणि त्यांची वीस वर्षांची ओळख. अप्पांसमोर ते काही बोलले नाहीत, माझ्या भावाला फोन करून बोलले. "डिस्क चांगली टाकली, पॅड चांगले टाकले. आता पाय बदलता येत नाही मला. अप्पांचा पाय जड झालाय."

दादाला तेवढंच हवं होतं. दादा दोन गल्ल्या पलीकडे राहतो, त्याची नवी गाडी आहे, आणि आमची जुनी गाडी त्याला दातात अडकलेल्या कुसळासारखी सलत असते. बुधवारी संध्याकाळी आला, बूट न काढता दारातच उभा राहिला.

"रविवारी अकरा वाजता एक जण गाडी बघायला येतोय."

"कोणती गाडी?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, आपल्याकडे विकण्यासारखी एकच आहे."

"विकायची कोणी ठरवली?"

"मिस्त्रींनी काय सांगितलं ते ऐकलंय मी. तुम्ही घाबरून ब्रेक दाबता. वय झालं की होतं तसं, त्यात लाज कसली? पण मागे बाळ असतं. उद्या काही झालं तर?"

यावर अप्पा काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते. एरवी दादाने वर्तमानपत्राची घडी चुकीची घातली तरी त्यांचं अर्धा तास चालतं. ते उठले, आणि किल्ली खिळ्याला लावून आत गेले. मागचा दरवाजा ओढून घेतला, आपटलासुद्धा नाही.

माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. सोमवारपासून मी कामावर परत जाणार होते. मुलगी बाटली तोंडात धरत नाही. चार तऱ्हेच्या बाटल्या आणल्या, चारही तिने जमिनीवर भिरकावल्या. नवरा धरणाच्या कामावर, तीन आठवड्यांनी एकदा येतो. म्हणून आम्ही बेत केला होता की साडेबाराला अप्पा तिला आणि आईला गाडीत घालून कारखान्याच्या फाटकाशी आणतील, जेवणाच्या सुट्टीत मी तिला पाजीन, आणि ते परत जातील. या बेतावर अप्पांनी दोन महिने तालीम केली होती. कोणत्या रस्त्याला सावली, कुठे खड्डे, फाटकासमोर गाडी कुठे लावायची म्हणजे तिच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही, सगळं वहीत लिहून ठेवलेलं.

"टॅक्सीने आणू दे आईला," दादा म्हणाला. त्याचं सगळं असं चुटकीसरशी सुटतं.

गुरुवारी सकाळी मी दुपटी वाळत घालायला गॅलरीत निघाले, तर अप्पा मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. पाठ ताठ, दोन्ही हात हवेत स्टिअरिंग धरल्यासारखे. आणि उजव्या पायाखाली आईचा वजनकाटा.

पाय दाबत होते, वाकून काटा बघत होते, सोडत होते. पुन्हा दाबत होते.

मला बघून दचकले. पाय मात्र काढला नाही.

"सहा," म्हणाले. "आता बघ." दाबला. "परत सहा. डोळे मिटून दाबतो हं. बघ किती येतात."

"साडेपाच."

"मग? हा काय जड आहे का गं? तू सांग."

मी काय सांगणार? काट्यावर पाय ठेवून कोणी ब्रेकचं वजन करत नाही, आणि केलं तरी त्यातून काही कळत नाही. पण सत्तरीतला माणूस सकाळी सात वाजता, चहा व्हायच्या आधी, स्वतःचा पाय तोलत बसला होता. मला इतका राग आला की ओली दुपटी तशीच बादलीत राहिली. राग दादाचा, मिस्त्रींचा, आणि अप्पांचाही. चांगल्या पायाने चाळीस वर्षं गाडी चालवलेली, आणि कोणी काही म्हटलं की लगेच खरं धरून बसायचं!

आता मी काय काम करते ते सांगायला हवं. मी माप तपासते. कारखान्यात यंत्रांचे भाग बनतात, ते माझ्या टेबलावर येतात, आणि एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांची चूक मी पकडते. सहा वर्षं हेच केलं आहे. आणि तिन्ही वेळा डिस्क खराब झाली तेव्हा कोणी म्हणजे कोणीही ती मोजली नव्हती. मीसुद्धा नाही. मी बाळाचं वजन मोजत होते, ताप मोजत होते, झोपेचे तास मोजत होते.

आधी गाडी स्वतः चालवून बघितली. माझ्या पायाखालीही तीच थरथर. दादाला फोन केला.

"अगं, अप्पांनी आधीच वाट लावून ठेवलीय ना तिची. आता कोणीही दाबलं तरी थरथरणारच."

हे मात्र बरोबर होतं. दादाचं बरोबर असतं तेव्हा तो जास्तच असह्य होतो.

अकरा वाजता गठुडं झोपलं. मला पाऊण तास मिळाला. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अप्पांनी पहिल्या खेपेची जुनी डिस्क टेकू म्हणून लावली आहे. अप्पा काही टाकत नाहीत, आणि जे टाकत नाहीत ते रंगवतात. गंज हा त्यांचा जन्माचा वैरी. फाटक, गॅलरीचे गज, पाण्याच्या टाकीचं झाकण, माझी शाळेतली डब्याची कडी, दादाची तीनचाकी, सगळ्याला दरवर्षी रंग. गठुड्याच्या बाबागाडीच्या चाकांचे आससुद्धा त्यांनी पहिल्याच आठवड्यात रंगवले होते. टेकूची डिस्क फाटकाचा रंग उरला म्हणून हिरवी झाली होती.

मी ती जमिनीवर आडवी घातली, काठावरचा रंग आठ ठिकाणी खरवडला, आणि शिकाऊ असताना विकत घेतलेला माझा मायक्रोमीटर काढला. आठ ठिकाणची जाडी एका दुपट्याच्या कोपऱ्यावर पेनने लिहिली, कारण कागद आणायला गेले असते तर कपाटाचं दार करकरलं असतं आणि ती उठली असती.

जाडी सारखी नव्हती, ते माहीतच होतं. पण झीज कुठे होती ते बघून मी गुडघ्यांवरच बसून राहिले. बाहेरच्या बाजूने एका ठिकाणी झिजलेली, आणि आतल्या बाजूने बरोबर त्याच्या समोर, अर्धा फेरा पलीकडे. मी ती उजेडात धरून फिरवली. जड पायाने डिस्क खराब होते ती तापून होते. निळे डाग पडतात, बारीक चिरा जातात. इथे खरवडलेल्या आठही जागी एक निळा डाग नव्हता, एक चीर नव्हती. ही डिस्क तापलेली नव्हती, ती फिरताना डोलत होती. चालत्या गाडीत, ब्रेकवर पाय नसतानाही, प्रत्येक फेऱ्याला तिचा एकच भाग एका पॅडला जाऊन घासत होता. रोज थोडं थोडं. तीन-चार महिने.

उलटी केली तर आत, जिथे ती गाडीला टेकते तिथे, एक चंदेरी रंगाची कोर चिकटलेली होती. मनात म्हटलं, घ्या, आतूनही रंगवली. तेवढ्यात आतून आवाज आला आणि मी डिस्क तशीच टाकून पळाले.

शुक्रवारी मी, अप्पा आणि कडेवर गठुडं, असे गॅरेजला गेलो. अप्पा यायला तयार नव्हते. "कशाला? ते पुन्हा काहीतरी बोलतील." मी म्हटलं, तुम्ही बाळाला धरायला चला. त्याला ते नाही म्हणू शकत नाहीत.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. बुटके, पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल.

"काय ताई, विकायची म्हणे?"

"मिस्त्री, तुम्ही डिस्क बसवलीत तेव्हा डायल लावून बघितली होती का? फिरताना डोलतेय का ते?"

"डायल?" त्यांनी हात वर केला. "ही दहा बोटं बघा. पस्तीस वर्षं झाली. डायल यांच्यात आहे."

"बोटांना मिलिमीटरच्या शंभरातले पाच भाग कळतात?"

"गाडीला कळतात का?"

"माझ्या मुलीला कळतात."

अप्पा मागून म्हणाले, "जाऊ दे गं."

"जाऊ दे नाही. चाक काढा, मिस्त्री. मी डायल आणलाय."

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या हातातल्या डायलच्या लाकडी पेटीकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटत जॅक लावला. चालकाच्या बाजूचं पुढचं चाक निघालं. पॅड धरणारा जबडा सोडून तारेने वर बांधला. डिस्क सैल राहू नये म्हणून नट उलटे लावून घट्ट आवळले. मी चुंबकाचा स्टँड लावला, डायलची सुई डिस्कच्या काठापाशी टेकवली आणि म्हटलं, "फिरवा. हळू."

डायलचा काटा सरकू लागला. चार. आठ. अकरा. चौदा. तिथून मागे फिरला आणि शून्यावर आला. पुन्हा फेरा, पुन्हा चौदा.

"पाचपर्यंत चालतं," मी म्हटलं. "हे चौदा आहे."

मिस्त्री वाकले, चष्मा वर केला, स्वतः फिरवून बघितली. "डिस्कच वाकडी आली असेल. दुकानदाराला सांगतो, बदलून देईल."

"तिन्ही वेळा वाकडी आली?"

"येते कधी कधी. आमचं नशीब."

"बरं. नट काढा, डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवा. डिस्क वाकडी असेल तर चौदाचं ठिकाणही तिच्याबरोबर पुढे सरकेल."

डिस्कवर आणि तिच्यामागे जिथे ती टेकते त्या हबच्या काठावर खडूने एकेक खूण केली. मिस्त्रींनी डिस्क एक भोक पुढे नेली, आवळली, फिरवली.  अप्पांच्या खांद्यावर गठुडं "ब्ब ब्ब" करत होतं.

डिस्कवरची खूण सरकली होती. चौदा मात्र पहिल्याच जागी आलं. हबच्या खुणेपाशी.

"म्हणजे डिस्क सरळ आहे," मी म्हटलं. "ती ज्याच्यावर बसलीय तेच वाकडं आहे. पाय तर कुठेच नाही यात."

मी मागे वळून बघितलं. अप्पांची छाती दोन इंच वर आली होती. त्यांनी गठुड्याच्या कानात सांगितलं, "ऐकलंस ना? आजोबाचा पाय नाही."

"हब वाकडा असेल तर मोठं काम आहे," मिस्त्री म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांनी डिस्क ओढून काढली.

हब चकचकत होता. अगदी देखणा. चंदेरी रंगाचा गुळगुळीत थर, आणि खालच्या बाजूला तो ओघळून एका ठिकाणी गोळा झालेला, तिथे डिस्कच्या दाबाने कोरीसारखा चेपलेला. मी नखाने टोकरलं. खाली अजून एक थर. त्याच्या खाली अजून एक.

मला गॅलरीतल्या डिस्कच्या पोटातली चंदेरी कोर आठवली. ती फाटकाच्या रंगाची नव्हती.

"मिस्त्री, हे तुम्ही लावलंत?"

"मी? मी कशाला लावू? मी रंगारी आहे का?" मग ते थांबले. "पण दर वेळी असाच स्वच्छ असायचा. मला वाटायचं, बरं आहे, गंज घासावा लागत नाही."

"दर वेळी? तुम्ही डिस्क काढायचात तेव्हा?"

"काढायच्या वेळी गंजलेला असायचा. मग मी जेवायला जायचो…"

मिस्त्रींचं जेवण ही एक मोठी गोष्ट आहे. एक वाजला की हातातला पाना जिथे असेल तिथे ठेवून ते घरी जातात, जेवतात, डोळा लावतात आणि दोन वाजता परत येतात. मग गाडी चारही चाकांनी उघडी पडलेली का असेना. आणि तो एक तास गाडीपाशी राखण करत, पिशवीतला डबा खात, आमच्या घरातलं कोण बसलेलं असायचं?

आम्ही दोघांनीही एकदमच मागे बघितलं.

अप्पांची छाती जागच्या जागी गेली होती. ते गठुड्याच्या टोपीची नाडी सोडत होते आणि परत बांधत होते.

"अप्पा."

"उघडा होता गं तो," अप्पा म्हणाले. "गंज लागला असता."

"अप्पा, तिथे डिस्क बसते!"

"मला काय माहीत काय बसतं ते? मला समोर गंज दिसत होता. डिकीत रंग होता, ब्रश होता. एक तास रिकामा बसून काय करायचं? दुसरीकडच्या चाकाचंही लावायचो, एकाच चाकाला कसं लावणार?"

"तीनदा?"

"आधीचा टवके उडून खराब दिसत होता."

मी कपाळाला हात लावला, आणि हात चंदेरी असल्यामुळे कपाळही चंदेरी झालं. दीड वर्ष. सहा डिस्क. माझ्या आठ महिन्यांतल्या किती झोपा! आणि हा माणूस काल सकाळी वजनकाट्यावर पाय तोलत होता. मला ओरडायचं होतं, पण ओरडायला लागले तर ती रडेल, आणि रडली तर घ्यावी लागेल, आणि माझे दोन्ही हात रंगाने आणि तेलाने बरबटलेले.

"आणि तुम्ही, मिस्त्री! ओल्या रंगावर डिस्क आवळलीत?"

"मला वाटलं चमकतंय म्हणजे स्वच्छ आहे."

"दहा बोटांत डायल आहे ना?"

"ताई, आता पुरे," मिस्त्री म्हणाले. पण ते हसत नव्हते. त्यांनी पत्र्याची पाती उचलली आणि स्वतः खाली बसून हब खरवडायला घेतला. एक थर, दोन थर, तीन थर. मग पॉलिश पेपर. अर्ध्या तासाने खालचं उघडं, राखाडी लोखंड दिसलं. अप्पांनी तोंड फिरवलं. त्यांना ते बघवेना.

डिस्क बसवली, डायल लावला. तीन.

दुसऱ्या बाजूलाही तेच निघालं, थोडं कमी. दोन्ही डिस्क झिजलेल्या असल्या तरी नव्याच होत्या. मिस्त्रींनी त्या ओळखीच्या कारखान्यात लेथवर सपाट करून आणल्या, आणि शनिवारी दुपारी गाडी हातात दिली. एक वाजून गेला होता. पहिल्यांदाच ते जेवायला गेले नव्हते. अप्पांना म्हणाले, "मी फोनवर पायाचं बोलायला नको होतं."

"पाय चांगलाच आहे माझा," अप्पा म्हणाले. "सहा किलो."

मिस्त्रींना काही कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

घरी येताना अप्पांनी चालवली. प्रत्येक सिग्नलला गाडी अशी थांबायची की थांबली कधी ते समजू नये. पण त्यांचा चेहरा उतरलेला. वळणावर म्हणाले, "दादाला काय सांगणार आहेस?"

"खरं ते."

"रंगाचंही?"

"रंगाचं नाही सांगितलं तर पाय कसा सुटणार, अप्पा? तो म्हणेल, आता ब्रेक ठीक आहेत, सहा महिन्यांनी बघू."

त्यांनी गियर बदलला. दादा हसणार, हे दोघांनाही माहीत होतं. दादाचं हसणं मोठं असतं आणि ते दर कार्यक्रमात पुन्हा बाहेर निघतं. तीनचाकी रंगवली तेव्हा तिचं हँडल कायमचं चिकटून बसलं होतं, त्यावर तो अजून हसतो.

रविवारी साडेदहालाच दादा आला. "तो माणूस येतोय अकराला. किल्ली द्या, गाडी बाहेर काढून पुसून ठेवतो."

मी तोंड उघडलं, तर अप्पांनी हाताने थांबवलं. खिळ्यावरची किल्ली काढून मुठीत धरली.

"आधी ऐक. माझ्या पायाचं काही नव्हतं. ते हिने मोजून काढलंय. हबवर रंग होता, त्यामुळे डिस्क तिरकी बसत होती."

"रंग? कोणी लावला?"

अप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "मी. तीनदा. मिस्त्री जेवायला गेले की."

दादा दोन क्षण बघत राहिला. मग जो हसायला लागला, तो आधी भिंतीला टेकला, मग खाली बसला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तीही हसायला लागली, आणि गठुड्याला काहीही कळत नसताना तेही बोळक्या तोंडाने हसायला लागलं. अप्पा मधोमध उभे, मुठीत किल्ली. त्यांनी ते सगळं हसणं अंगावर घेतलं. मूठ मात्र सोडली नाही.

"झालं?" म्हणाले. "चल आता. बस शेजारी."

पाऊण तास दोघं बाहेर होते. दादाने म्हणे त्यांना उतारावर थांबवायला लावली, गर्दीत थांबवायला लावली, एकदा तर "समोर कुत्रं!" म्हणून खोटंच ओरडला. परत आला तेव्हा फोनवर बोलत होता, "नाही हो, विकायची नाही राहिली. माफ करा." मग सरळ डिकी उघडून चंदेरी रंगाचा डबा आणि ब्रश काढला.

"हे मी घेऊन जातो. किल्ली तुमच्याकडे, डबा माझ्याकडे."

अप्पांनी एक क्षण विचार केला आणि मान डोलावली. माळ्यावर दुसरा डबा आहे हे आईला आणि मला दोघींनाही माहीत होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

सोमवारी साडेबाराला मी फाटकाशी धावत आले. सुट्टी पस्तीस मिनिटांची, त्यातली सहा चालण्यात गेलेली. सकाळपासून माझा जीव तुटत होता, आणि पदराखाली ओलं झालेलं कुणाला दिसू नये म्हणून मी रजिस्टर छातीशी धरलं होतं. गाडी वेळेवर आली. झाडाखाली, बरोबर वहीत लिहिलेल्या जागी, पान गळून पडावं तशी थांबली.

मी मागचं दार उघडलं. गठुडं गाढ झोपलेलं. तोंड उघडं, एक मोजा निसटलेला.

"एकदाही उठली नाही," अप्पा अभिमानाने म्हणाले. "पाच सिग्नल लागले."

"अहो, पण तिला आता उठायला हवंय!"

"मग उठव."

मी गालाला हात लावला, पायाला गुदगुल्या केल्या, नाव घेतलं, खरं नाव, मग गठुडं म्हणून हाक मारली. तिने एक सुस्कारा टाकला आणि मान दुसरीकडे वळवली. सव्वीस मिनिटं राहिली होती. पंचवीस.

"एक करू का?" अप्पा आरशातून म्हणाले. "एक चक्कर मारून जोरात ब्रेक दाबतो. जड पायाने."

"अप्पा!"

"नाही, नुसतं विचारलं."

आईचा पाय तेवढ्यातसुद्धा समोरच्या पत्र्यावर गेला होता. मी सीटवर बसले, तिला अलगद मांडीवर ओढून घेतलं आणि वाट बघू लागले.